गाडी चुकली तर?

लोणावळ्याकडून पुण्याकडे येताना डोंगरांच्या रांगांमध्ये जो मुलूख लागतो, त्यास मावळ म्हणतात. त्या मावळाचेही पोटभाग आहेत. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही त्यांची नावे मावळातील लहान मूलही सांगू शकते. नाणे मावळातील एका गावात, कामशेत स्थानकापासून सुमारे चार किलोमीटरांवर, एक शेतकरी कुटुंब राहत असे. घरात आजोबा, आई, वडील, एक मुलगी व तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे. भाऊ मुलीस ताई म्हणे. म्हणून सारे घर, आणि पुढे सारा गाव, तिला ताईच म्हणू लागला.

ताई आठवी उत्तीर्ण झाली आणि नववीसाठी तळेगावच्या शाळेत तिचे नाव घातले गेले. जवळ कामशेत येथेही शाळा होती. परंतु ताईस पुढे विज्ञान शिकावयाचे होते. तळेगावच्या शाळेस मोठी प्रयोगशाळा होती आणि त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्गही होते. शिक्षकांनी वडिलांस तसा सल्ला दिला व वडिलांनी तो मानला.

आईच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. ताईची चुलत बहीण काही वर्षांपूर्वी अशीच तळेगावास शिकावयास जाऊ लागली होती. मुलगी हुशार होती. तिला कोणी शाळा सोड असे म्हटले नव्हते. पण आज गाडी चुकली, उद्या पहिला तास बुडाला, परवा घरी येण्यास काळोख झाला, असे होत होत दिवाळीनंतर तिचे जाणे थांबले ते थांबलेच. घर आणि शाळा यांच्यामध्ये एकोणीस-वीस किलोमीटरांचा रस्ता होता. तिची शाळा त्या रस्त्यावरच कोठेतरी सांडली.

म्हणून मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री जेवणे झाल्यावर आईने विषय काढला. "मामंजी, ताईने एस.टी.नेच जावे. गाडी पारापाशी येते आणि पारापाशीच सोडते. सकाळी सव्वानऊला बसली की तळेगाव. मध्ये कोठे चढ-उतार नाही."

आजोबांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. त्यांचे सारे आयुष्य लोहमार्गावर गेले होते. ते रेल्वेत गँगमन होते. रुळांच्या चाव्या ठोकणे, खडी सारखी करणे, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालणे हे काम त्यांनी तीस-पस्तीस वर्षे केले होते. लोहमार्गाविषयी कोणी उणा शब्द काढला तर त्यांस तो स्वतःच्या सोयऱ्याविषयी काढल्यासारखा वाटे.

"सूनबाई," ते म्हणाले, "रस्ता सगळ्यांचा असतो. त्यावर उसाची गाडी येते, वऱ्हाड येते, म्हशी येतात. रूळ फक्त गाडीचे. आमची लोकल पंधरा-सतरा मिनिटांत कामशेतहून तळेगावास पोचते. तुमच्या एस.टी.ला कामशेतपासून पुढेच चाळीस मिनिटे लागतात."

"पण कामशेतपर्यंत पोरीने कसे जायचे? आणि संध्याकाळी तेथून घरी?" आईने विचारले.

"सायकल आहे ना!"

असा वाद चालला असता वडील म्हणाले, "तात्या, तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर बोलता. पण जाणार आहे ती ताई. शाळा उघडली की पहिला आठवडा तिने एस.टी.ने जावे आणि दुसरा आठवडा लोकलने. मग ठरवू."

आजोबांस ही गोष्ट पटली. त्यांनी आपल्या जुन्या पेटीतून एक कोरी वही काढून ताईपुढे ठेवली. "रोज यात लिही. गाडी किती वाजता आली ते लिहू नकोस. ते वेळापत्रकात असते. तू घराच्या उंबऱ्यातून किती वाजता निघालीस आणि शाळेच्या दारात किती वाजता पाय ठेवलास ते लिही. मधला काळ कसा गेला तेही लिही. चाललीस किती, वाट किती पाहिलीस, गाडीत किती बसलीस."

यात आजोबांचे शहाणपण होते. वेळापत्रकात वाहनाची वेळ असते. घरातून निघणाऱ्या माणसाची नसते. लोकल सतरा मिनिटांत पोचते हे खरे, पण ती सतरा मिनिटे सुरू होण्यापूर्वी सायकल, सायकलपूर्वी दप्तर आणि गाडीनंतर पुन्हा चालणे असते. पुष्कळ माणसे प्रवासाचा हिशेब करताना फक्त मधला तुकडा मोजतात व मग रोज उशीर का होतो म्हणून आश्चर्य करतात.

जूनच्या मध्यास शाळा उघडली. शाळा अकराची होती. शनिवारी मात्र सकाळची.

सोमवारी ताई नऊ वाजून दहा मिनिटांनी घरातून निघाली व पारापाशी उभी राहिली. एस.टी. आली. वाहक तिच्या वडिलांस ओळखत होता. "आजपासून का? पुढच्या बाकावर बस," असे म्हणून त्याने जागा दाखवली. गाडीत गावातीलच माणसे होती. कोणी वडगावच्या कचेरीत कामास निघाले होते, कोणी दवाखान्यास. एक आजीबाई भाजीचे गाठोडे घेऊन तळेगावच्या बाजारास निघाल्या होत्या. गाडी वाडीवाडीला थांबत, कामशेतवरून मोठ्या रस्त्यास लागून, वडगावमार्गे तळेगावास पोचली. घरापासून शाळेच्या दारापर्यंत सत्तर मिनिटे. मंगळवारी त्र्याहत्तर, बुधवारी एकाहत्तर. बुधवारी तर ताईला निघण्यास उशीर झाला होता. ती धावत येताना दिसली तशी चालकाने गाडी क्षणभर थांबवून धरली. आईने ती हकीकत ऐकून आजोबांकडे पाहिले. आजोबा काही बोलले नाहीत.

गुरुवारी मोठ्या रस्त्यावर वडगावच्या अलीकडे एक मालमोटार आडवी झाली होती. त्या एका गाडीने दोन्ही बाजूंची वाहने अडवून धरली. ताई अठ्ठ्याण्णव मिनिटांनी शाळेत पोचली. अकरा वाजण्यास बाराच मिनिटे उरली होती. शुक्रवारी याहून वेगळे घडले. एस.टी. आलीच नाही. आषाढी एकादशी जवळ आली होती. या दिवसांत वारकऱ्यांना पंढरपुरास नेण्या-आणण्यासाठी एस.टी. जादा गाड्या सोडते आणि त्यासाठी ठिकठिकाणच्या आगारांतून गाड्या पाठवल्या जातात. मग काही गावांच्या फेऱ्या तेवढ्यापुरत्या बंद पडतात. गावास हे ठाऊक नव्हते असे नाही, पण त्या दिवशीच आपली फेरी बंद असेल हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ताई पाराच्या कट्ट्यावर पाऊण तास बसून राहिली. वडील शेतावर गेले होते. शेवटी वडापच्या जीपमध्ये चार माणसांच्या जागी बसलेल्या सात माणसांत ती आठवी होऊन कामशेतास गेली, तेथून दुसरे वाहन पाहिले आणि शाळेत पोचली तेव्हा गणिताचा तास संपून गेला होता.

शनिवारी सकाळच्या शाळेसाठी मात्र मुक्कामाच्या गाडीने तिला अगदी वेळेवर नेले. मुक्कामाची गाडी म्हणजे जी रात्री गावातच वस्तीस राहते आणि पहाटे पहिल्या फेरीस निघते ती. रात्री चालक-वाहक गावातच झोपतात. अशा गाडीस निघण्यासाठी दुसऱ्या कोणत्या गावाहून येण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ती सहसा चुकत नाही. शाळा सुटल्यावर परतीसही दुपारी बाराची गाडी होती.

दुसरा आठवडा लोकलचा.

लोणावळा आणि पुणे यांच्या दरम्यान लोकल गाड्या १९७८ सालापासून धावू लागल्या. परंतु मावळात लोहमार्ग त्याच्या कितीतरी आधी आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५८ साली, खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला. मधला बोरघाट मात्र अजून फोडावयाचा होता. त्यामुळे मुंबईकडून आलेले उतारू घाटाखाली खोपोलीस उतरत, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढत आणि वर खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. १८६३ साली घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हा ही यातायात संपली. हजारो मजुरांनी त्या घाटात काम केले आणि त्यांपैकी कित्येकांचे प्राण तेथेच गेले. एस.टी.चा इतिहास त्या मानाने अलीकडचा. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेली. आजोबा ही सगळी साले ताईस सांगत आणि एस.टी.चे साल जरा घाईघाईने उरकत.

सोमवारी ताई सव्वानऊनंतर सायकलवरून निघाली. लोकल पावणेदहाच्या सुमारास होती. सायकल स्थानकाबाहेर ठेवून, कुलूप लावून ती पुलाच्या पायऱ्या चढली आणि फलाटावर उतरते तोच गाडी हलली. शेवटचा डबा तिच्या डोळ्यांसमोरून गेला. धावत येणारी मुलगी दिसली म्हणून आगगाडी थांबत नाही. तिच्या मागे दुसरी गाडी असते. पुढची लोकल बऱ्याच वेळाने आली. पहिला तास बुडाला.

त्या संध्याकाळी ताईने वही आजोबांपुढे टाकली. "आजोबा, तुमची गाडी दोन मिनिटेही थांबत नाही."

आजोबा हसले. "नाही थांबत, म्हणूनच ती उद्याही त्याच वेळी येईल. तू नऊ वाजता नीघ. आणि एक गोष्ट सांगतो ती ऐक. गाडी फलाटावर उभी दिसली तरी पुलावरूनच ये. रूळ ओलांडू नकोस. मी इतकी वर्षे रुळांवर काढली. दोन्ही बाजूंस पाहिल्याशिवाय मी एक पाऊल टाकले नाही, आणि तरीही माझ्या टोळीतील एक माणूस आम्ही गमावला."

त्याविषयी ते आणखी काही बोलले नाहीत व ताईनेही विचारले नाही.

मंगळवारपासून ती नऊला निघू लागली. सायकलला वीस-बावीस मिनिटे, फलाटावर थोडे थांबणे, मग गाडी. स्त्रियांच्या डब्यात पिंपरी-चिंचवडकडे कामास जाणाऱ्या बायका असत, महाविद्यालयातील मुली असत, पालेभाजीच्या जुड्या बांधणाऱ्या मावश्या असत. पलीकडच्या डब्याच्या दारात दूधवाल्यांच्या किटल्यांची रांग दिसे. गाडी हलत असली तरी तिच्यात वाचता येई; एस.टी.त पुस्तक उघडले की ताईस मळमळू लागे. तळेगाव स्थानकापासून शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती. वहीत आकडे पडू लागले: पंच्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर. शुक्रवारी एका जलद गाडीस पुढे काढण्यासाठी लोकल सिग्नलला थांबवून ठेवली, त्या दिवशी सत्त्याऐंशी.

पण याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. बुधवारी कामशेतच्या वाटेवर पावसाने गाठले. मावळातला पाऊस काय असतो हे त्या भागात राहिल्याशिवाय कळत नाही. तो वरून पडतो, तसाच समोरून येतो. रेनकोट असूनही दप्तरात पाणी शिरले आणि भूगोलाच्या वहीची शाई पसरली. ताई पंच्याहत्तर मिनिटांतच शाळेत पोचली होती. पण दिवसभर ओल्या कपड्यांत बसली आणि रात्री शिंकू लागली. वहीच्या स्तंभात पंच्याहत्तर हा आकडा तसाच राहिला. आकड्याच्या पुढे तिने कंसात 'भिजले' असे लिहिले.

दुसरी गोष्ट शनिवारची. सकाळी लोकलने ती वेळेवर गेली. शाळा साडेअकराच्या आत सुटली आणि ती स्थानकावर आली. या मार्गावर दुपारच्या वेळी लोकल फार विरळ. ती बाकावर बसून राहिली. डबा खाल्ला, सोमवारचा गृहपाठ केला, फलाटावरची सारी पाटी वाचली. घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते आणि आई तीन वेळा पारापर्यंत जाऊन आली होती.

रविवारी सकाळी ओसरीवर सगळे बसले. आजोबांनी चष्मा लावून वही वाचली.

"एस.टी.चे चांगले दिवस सत्तर ते त्र्याहत्तर मिनिटांचे," ते म्हणाले. "लोकलचे चांगले दिवस पंच्याहत्तर ते शहात्तर. फरक तीन-चार मिनिटांचा. म्हणजे वेळेवरून काहीच ठरत नाही."

"मग वाईट दिवस पाहा," वडील म्हणाले.

"तेच पाहतो आहे. लोकलचा वाईट दिवस सत्त्याऐंशी मिनिटांचा. तरी ताई शाळेत वेळेवर. सोमवारी चुकली ती गाडी नव्हे, ताई चुकली. एस.टी.चा वाईट दिवस म्हणजे गाडीच नाही."

"आणि भिजली त्याचे काय?" आई म्हणाली. "शनिवारचे काय? आणि मामंजी, आता जून आहे. सव्वासातनंतरही उजेड असतो. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो. पाचला शाळा सुटल्यावर लोकलने कामशेतास येईपर्यंत पावणेसहा. पुढे चार किलोमीटर सायकल. तो सगळा रस्ता माळावरचा. तेथे तिन्हीसांजेला माणूस नसते."

आजोबा गप्प झाले. आईचे म्हणणे खरे होते, आणि ते वहीत कोठेही नव्हते. कारण वही जूनमध्ये लिहिलेली होती.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "मग सकाळी लोकलने जाते आणि संध्याकाळी एस.टी.ने येते."

"आणि सायकल?" धाकट्याने विचारले.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. खरेच, सकाळी सायकलवरून कामशेतास गेले आणि संध्याकाळी एस.टी.ने पारापाशी उतरले, तर सायकल रात्रभर स्थानकावरच! दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकापर्यंत जाणार कशावरून? मोठ्या माणसांच्या लक्षात न आलेली ही गोष्ट पाचवीतल्या मुलाने पाहिली. कारण ती सायकल मिळावी म्हणून तोच रोज सकाळी हट्ट करी.

तेव्हा आजोबांनी वहीत एक नवा स्तंभ आखला. त्याला मथळा दिला 'चुकली तर?'. ते म्हणाले, "आपण आतापर्यंत गाडी मिळाली तर किती वेळ लागतो ते मोजले. आता प्रत्येक दिवशी गाडी मिळाली नाही तर काय करायचे ते लिही. ज्या ओळीत हा स्तंभ कोरा राहील त्या वाटेने जायचे नाही."

त्या स्तंभावर घरातील सर्वांनी तासभर डोके चालवले. अखेर असे ठरले की, सोमवार ते शुक्रवार उघडीप असेल तर सायकल आणि लोकल. लोकल चुकली तर कामशेतहून मोठ्या रस्त्याने तळेगावास जाणारी मिळेल ती बस. नऊ वाजता पाऊस असेल तर पारावर एस.टी.; ती साडेनऊपर्यंत न आल्यास वडील मोटारसायकलवरून कामशेतास सोडतील, कारण सकाळी दूध घालून ते नऊपर्यंत घरी परतत. ज्या दिवशी वडिलांस लवकर शेतावर जावयाचे असेल त्या दिवशी त्यांनी आदल्या रात्री सांगावयाचे. शनिवारी जाताना मुक्कामाची गाडी, येताना बाराची एस.टी. आणि दिवाळीनंतर दिवस लहान झाले की, ते मोठे होईपर्यंत, दोन्ही वेळा एस.टी.; संध्याकाळची एस.टी. नसेल तर लोकलने कामशेत आणि तेथे वडील घ्यावयास.

एका ठिकाणी मात्र स्तंभ भरेना. संध्याकाळी तळेगावहून गावाकडे येणारी एस.टी. पावणेसहाला सुटे. ती पारापाशी येईपर्यंत पावणेसात होत. थंडीच्या दिवसांत त्या वेळी पूर्ण काळोख असणार. आईची अट दिवेलागणीच्या आत घरी, अशी होती.

"लोकलचे वेळापत्रक काही आपल्यासाठी बदलणार नाही," आजोबा म्हणाले. हे म्हणताना त्यांस थोडा अभिमानही वाटत असावा. "पण एस.टी. एका गावासाठी धावते. तिची वेळ मागून पाहता येईल."

मग वडिलांनी आगार व्यवस्थापकांस अर्ज लिहिला. ताईने तो नीट अक्षरात उतरवून काढला. शाळा पाच वाजता सुटते, त्या मार्गावरील वाड्यांतून किती विद्यार्थी तळेगावास जातात, हिवाळ्यात सूर्य केव्हा मावळतो, हे त्यात लिहिले. किती विद्यार्थी, हे लिहिण्यासाठी मोजावे लागले. म्हणून ताई दोन दिवस वाडीवाडीला फिरली. तिला वाटत होते तीन-चार मुले असतील. निघाली अकरा. त्यांत सात मुली होत्या. अर्जावर शाळेच्या मुख्याध्यापकांची शिफारस आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडला गेला.

पासांचे काम त्या मानाने सोपे गेले. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींस अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. मुलगे असतील तर त्यांस भाड्याचा एक तृतीयांश भाग द्यावा लागतो. रेल्वेतही घर ते शाळा या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींस पदवीपर्यंत व मुलांस बारावीपर्यंत विनामूल्य देण्याचा नियम आहे. दोन्हींसाठी शाळेचा दाखला लागतो. तो दाखला मागावयास ताई कार्यालयात गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी चौघी होत्या. लोकलसाठी असाही पास मिळतो हे त्यांस तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

जुलैत पावसाने जोर धरला. एका रात्री बोरघाटात दरड कोसळली व मुंबईकडील गाड्या थांबल्या. सकाळी आई म्हणाली, "आज लोकल कशी असेल?" आजोबा म्हणाले, "दरड घाटात आहे. ताईची लोकल घाट चढून येत नाही. ती लोणावळ्याहूनच सुटते." लोकल खरोखरच आली, फक्त गर्दी अधिक होती. त्यानंतर चारच दिवसांनी गावाजवळच्या ओढ्याचा पूल पाण्याखाली गेला, तेव्हा मात्र ना सायकल जाऊ शकली ना एस.टी. येऊ शकली. त्या दिवशीच्या 'चुकली तर?' या स्तंभात ताईने लिहिले: 'घरी बसून अभ्यास.' आजोबांनी त्याखाली रुजुवात घातल्याप्रमाणे आपली सही केली.

अर्जाचे उत्तर लवकर आले नाही. वडील दोनदा आगारात जाऊन आले. दिवाळीची सुटी संपत आली तेव्हा वाहकाने पारावर निरोप दिला की, संध्याकाळची फेरी आता पावणेसहाऐवजी पाच वाजून वीस मिनिटांनी सुटेल. शाळा सुटल्यावर आवारात रेंगाळण्याची सोय आता उरली नाही. अकराही जणांस झपाझप चालत बसस्थानक गाठावे लागे. पण सव्वासहाच्या सुमारास गाडी पारापाशी येई आणि त्या वेळी आकाशात अजून तांबूस उजेड असे. पहिल्या दिवशी आई पारापर्यंत आली होती. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. घरून कंदिलाच्या काचा पुसता पुसता गाडीचा आवाज ऐकू आला की चहाचे आधण ठेवी.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. ताईची उपस्थिती वर्गात तिसरी होती. निकालाच्या आधी एका दुपारी आजोबांनी वही मागून घेतली आणि वर्षभरात लोकलने किती दिवस गेली व एस.टी.ने किती, ते मोजू लागले. पावसाचे दिवस, शनिवार, थंडीचे महिने, सारे धरता एस.टी.चे दिवस लोकलच्या दिवसांपेक्षा एकोणीसने अधिक भरले.

आजोबांनी चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. "मोजण्यात काही चूक झाली असेल," ते म्हणाले. "ताई, तू वाच. मी खुणा करतो."

ताईने पहिल्या पानापासून पुन्हा वाचावयास सुरुवात केली. आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. पण ती काही बोलली नाही.